मुठीची ताकद आणि वृद्धांचे हृदय

मुठीने एखादी वस्तू जास्तीत जास्त किती जोराने आवळता येते, याचे किलोग्रॅममधले माप म्हणजे पकडीची ताकद. ती मोजण्यासाठी डायनॅमोमीटर नावाचे हातात मावणारे यंत्र वापरतात. माणसाला खुर्चीवर बसवून कोपर काटकोनात आणि मनगट सरळ ठेवतात. दोन्ही हातांनी दोन-तीन वेळा जोर लावायला सांगतात आणि सर्वांत मोठा आकडा नोंदवतात. रक्त काढावे लागत नाही, उपाशी राहावे लागत नाही, पाच मिनिटांत काम होते. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ साली ठरवलेल्या निकषांनुसार पुरुषाची पकड २८ किलोपेक्षा आणि स्त्रीची १८ किलोपेक्षा कमी असेल तर स्नायू दुबळे झाले आहेत असे मानतात. युरोपीय गटाच्या मर्यादा अनुक्रमे २७ आणि १६ किलो आहेत. तरुणपणी वाढणारी ही ताकद साधारण तिशी-पस्तिशीत शिखर गाठते, काही वर्षे तिथे टिकते आणि मग उतरू लागते.

हाताच्या या मापाचा हृदयाशी संबंध आहे, हे आता वादातीत आहे. सर्वांत मोठा पुरावा ‘प्युअर’ या अभ्यासाचा. त्याचे निष्कर्ष २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. भारतासह १७ देशांतील ३५ ते ७० वयाच्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांची पकड मोजून त्यांचा सरासरी चार वर्षे पाठपुरावा केला गेला. पकड पाच किलोने कमी असली की कोणत्याही कारणाने मृत्यू येण्याचा धोका १६ टक्क्यांनी आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. हृदयविकाराच्या झटक्याच्या बाबतीत हे प्रमाण ७ टक्के आणि पक्षाघाताच्या बाबतीत ९ टक्के होते. मृत्यूचा अंदाज बांधण्यात पकडीचे माप वरच्या रक्तदाबापेक्षाही सरस ठरले, आणि या निष्कर्षाची सर्वाधिक चर्चा झाली. ब्रिटनमधील यूके बायोबँकच्या पाच लाखांवर लोकांच्या नोंदींतून २०१८ साली असेच चित्र निघाले. तिथल्या काही जणांच्या हृदयाच्या एमआरआय चित्रांत चांगली पकड असलेल्यांचे हृदय दर ठोक्याला अधिक रक्त बाहेर टाकत असल्याचेही दिसले.

‘प्युअर’चे आकडे बारकाईने पाहिले तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. दुबळ्या पकडीचा संबंध आजार होण्यापेक्षा आजारातून मृत्यू येण्याशी अधिक घट्ट आहे. म्हणजे हृदयविकार झालाच, तर तो पचवण्याची शरीराची शिल्लक ताकद किती आहे हे मूठ सांगते. थकलेल्या वृद्धांच्या बाबतीत हाच मुद्दा कळीचा ठरतो.

संबंध आहे म्हणजे एकामुळे दुसरे घडते असे मात्र नाही. दुबळी मूठ आणि आजारी हृदय ही बऱ्याचदा एकाच मुळाची फळे असतात. वर्षानुवर्षे हालचाल कमी, आहारात प्रथिने कमी, शरीरात मंद धुमसणारा दाह, मधुमेह, धूम्रपान, रक्तक्षय यांतल्या प्रत्येकाने स्नायूही झिजतात आणि रक्तवाहिन्याही. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलण्याचे सर्वांत मोठे काम स्नायू करतात, त्यामुळे स्नायू घटला की साखर चढते आणि साखर चढली की हृदय धोक्यात येते. उलट दिशेनेही गाडी धावते. हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णाला दम लागतो, तो हालेनासा होतो, त्याची भूक मरते आणि हातपाय वाळतात. अशा रुग्णाची पकड हृदयामुळे गेलेली असते.

भारतीय शरीराच्या बाबतीत हा विषय आणखी गंभीर होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ‘बारीक पण चरबीयुक्त’ भारतीय शरीराची कल्पना मांडली. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन यडकिन यांचे एक छायाचित्र छापले गेले. उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदी एकच होता, २२.३. शरीरातील चरबी मात्र यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या आजोबांचे वजन ‘बरोबर’ आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही, कारण त्या वजनात स्नायू किती आणि चरबी किती हे काटा सांगत नाही. पकडीचे माप त्याचा थोडा अंदाज देते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये राबवलेल्या ‘लासी’ या देशव्यापी पाहणीत ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी करताना पकडही मोजण्यात आली. त्याआधी २००७ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्धक्यविषयक पाहणीत महाराष्ट्रासह सहा राज्यांत ती मोजली गेली होती. दक्षिण आशियातील लोकांची पकड युरोप-अमेरिकेतील समवयस्कांपेक्षा सरासरीने कमी भरते. त्यामुळे परदेशी तक्ता इथे जसाच्या तसा लावला तर गरजेपेक्षा जास्त लोक दुबळे ठरतील.

वृद्धांची क्षीणता ओळखण्यासाठी जगभर वापरली जाणारी व्याख्या लिंडा फ्राइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली दिली. आपोआप वजन घटणे, सतत थकवा, दुबळी पकड, मंद चाल आणि कमी हालचाल ही तिची पाच लक्षणे. तीन किंवा अधिक असली तर माणूस क्षीण, एक-दोन असली तर त्या वाटेवर. घरच्यांना या गोष्टी आकड्यांआधीच दिसतात. आजीला लोणच्याच्या बरणीचे झाकण उघडत नाही, ओले लुगडे नीट पिळले जात नाही, भरलेला तांब्या हातातून सुटतो, आजोबा जिन्यात कठड्याला धरून दर चार पायऱ्यांना थांबतात. ‘वय झालं’ म्हणून हे सोडून दिले जाते. तसे सोडून देणे ही मोठी चूक आहे, कारण क्षीणतेची सुरुवातीची पायरी बऱ्याच जणांत मागे फिरवता येते.

सुरतेतील मराठी वस्त्यांमध्ये हा प्रश्न आता वयात आला आहे. तापीच्या काठाने जळगावहून उधन्याला येणाऱ्या रेल्वेमार्गाने जळगाव, धुळे, नंदुरबारकडची हजारो कुटुंबे गेल्या अनेक दशकांत या शहरात आली आणि उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत स्थिरावली. पुरुष लूमच्या खात्यांत, डाइंग-प्रिंटिंगच्या गिरण्यांत, कापडबाजारात राबले. बायकांनी घरी बसून साड्यांना लेस आणि टिकल्या लावल्या, धागे कापले. खात्यातली पाळी बारा तासांची. तरुणपणी आलेल्या त्या पिढीतले अनेक जण आज साठी-सत्तरीत आहेत. खानदेशातल्या शेतावर म्हातारपणीही थोडेफार काम हातापायाला असते. शहरातल्या एका खोलीत काम सुटले की हालचालही सुटते. वर सुरतेचा दमट उन्हाळा आणि नंतरचा पाऊस. दुपारी बाहेर चालणे अवघड, सकाळी रस्त्यावर रहदारी. अशा घरात बसून करता येणारा आणि फारसा खर्च नसलेला कोणताही व्यायाम मोलाचा वाटणे साहजिक आहे, आणि मुठीच्या व्यायामाचे आकर्षण तिथूनच येते.

याच हातांच्या बाबतीत मापाची एक अडचणही आहे. वर्षानुवर्षे तुटलेल्या धाग्याला गाठ मारणाऱ्या, गाठोडी उचलणाऱ्या किंवा सुईने काम करणाऱ्या हातांना सांधेदुखी, मनगटातील नस दबणे, बोटे अडकणे असे त्रास जडलेले असू शकतात. जुन्या मधुमेहातही बोटांचे सांधे आखडतात. अशा हाताची पकड कमी भरली तर दोष सांध्याचा असू शकतो, हृदयाचा किंवा एकूण स्नायूंचा नव्हे. त्यामुळे मोजण्यापूर्वी हात दुखतो का, बोटांना मुंग्या येतात का, मनगट कधी मोडले होते का, हे विचारले पाहिजे. शंका असेल तर खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठून बसण्याची चाचणी घ्यावी. तिला १२ सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागला तर शारीरिक क्षमता कमी आहे असे आशियाई निकष सांगतात. सांध्यांनी बेजार झालेल्या हातासाठी एक जुनी युक्तीही आहे. रक्तदाब मोजायच्या यंत्राचा पट्टा गुंडाळून त्यात २० मिलिमीटरपर्यंत हवा भरायची, तो मुठीत दाबायला सांगायचा आणि पारा किती चढतो ते पाहायचे.

आता व्यायामाकडे. मूठ आवळून तशीच धरून ठेवणे हा स्थिर ताणाचा व्यायाम. त्यात सांधा हलत नाही, स्नायू मात्र ताणलेला राहतो. १९७० च्या दशकात रोनाल्ड वाइली अमेरिकी लढाऊ विमानांच्या वैमानिकांसाठी काम करत होते. वेगाने वळण घेताना डोक्यातील रक्त उतरून वैमानिकाची शुद्ध हरपते. मूठ आवळल्याने रक्तदाब क्षणभर वाढतो, त्याचा तिथे उपयोग होईल असा विचार होता. नियमित सराव करणाऱ्यांचा विश्रांतीतला रक्तदाब उलट कमी झालेला दिसला, आणि या व्यायामाचा इतिहास बदलला. वाइली यांनी १९९२ साली मोजक्या लोकांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतली पद्धत आजही जवळजवळ तशीच वापरली जाते: स्वतःच्या पूर्ण जोराच्या ३० टक्के ताकदीने दोन मिनिटे मूठ आवळून धरायची, थोडी विश्रांती घ्यायची, असे चार वेळा करायचे, आठवड्यातून तीन दिवस, आठ ते दहा आठवडे.

व्यायाम चालू असताना रक्तदाब वाढतो आणि काही आठवड्यांनी उतरतो, हे कोडे वाटते. आवळलेला स्नायू स्वतःतल्या बारीक रक्तवाहिन्या दाबतो. आत टाकाऊ द्रव्ये साचतात, तिथल्या मज्जातंतूंकडून मेंदूला इशारा जातो आणि हृदय जोराने पंप करू लागते. स्नायूतून निघणारी ही प्रतिक्षिप्त क्रिया आलम आणि स्मर्क यांनी १९३७ सालीच दाखवली होती. मूठ सोडली की अडलेले रक्त एकदम धावते. त्या ओघाने रक्तवाहिनीच्या अस्तराला घर्षण होते आणि अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, जो वाहिनी सैल करतो. हे पुन्हा पुन्हा घडत गेले की अस्तर अधिक तत्पर होते, आणि रक्तवाहिन्या आवळून ठेवणारा मज्जासंस्थेचा ताण बहुधा सैलावतो. डॉक्टरही मुठीचा असा वापर फार पूर्वीपासून करतात. मधुमेहाने हृदयाच्या नसा बिघडल्या आहेत का हे पाहण्यासाठी रुग्णाला मूठ आवळायला लावून खालचा रक्तदाब किती चढतो ते मोजतात. निरोगी माणसात तो निदान १६ अंकांनी चढतो. झडप गळते आहे का हे स्टेथोस्कोपने ऐकतानाही मूठ आवळायला सांगतात, कारण त्याने गळतीचा आवाज ठळक होतो.

रक्तदाबावरील परिणामाचे पुरावे बऱ्यापैकी आहेत. अमेरिकेच्या २०१७ च्या रक्तदाबविषयक मार्गदर्शक तत्त्वांत या व्यायामाने उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा दाब सुमारे ५ अंकांनी उतरतो असे नमूद आहे. २०२३ साली २७० चाचण्या आणि १५ हजारांवर सहभागी एकत्र घेऊन केलेल्या विश्लेषणात स्थिर ताणाच्या व्यायामांनी वरचा दाब सरासरी ८ अंकांनी आणि खालचा ४ अंकांनी उतरला, चालणे-धावण्यासारख्या व्यायामांनी वरचा साडेचार. मथळ्यांत हे आकडे झळकले. तेच विश्लेषण वाचताना दोन गोष्टी सुटतात. या गटात मूठ आवळण्याबरोबर भिंतीला पाठ टेकून अर्धे बसण्याचा आणि पाय ताणण्याचा व्यायामही होता, आणि त्यात सर्वांत प्रभावी ठरला तो भिंतीचा. दुसरे, अशा चाचण्यांतले बहुतेक सहभागी धडधाकट होते. तीन-चार आजार आणि दहा गोळ्या असलेला, काठीने चालणारा माणूस त्यांत क्वचितच सापडतो.

घरच्या घरी करण्याबाबत ब्राझीलमधील एका चाचणीने सावध केले आहे. औषधे चालू असलेल्या रक्तदाबाच्या ७२ रुग्णांवर १२ आठवडे झालेल्या या चाचणीत देखरेखीखाली मूठ आवळणाऱ्यांचा रक्तदाब उतरला, घरी स्वतःहून करणाऱ्यांचा उतरला नाही. लोकांनी व्यायाम केला नाही असे नव्हे. जोर किती आणि किती वेळ, हे सांभाळणे घरी अवघड जाते. मऊ चेंडू भराभर दाबत राहण्याने बोटांचा सराव होतो, पण ज्या व्यायामाने दाब उतरल्याचे दिसले तो वेगळा आहे. तो मोजून लावलेल्या आणि धरून ठेवलेल्या जोराचा आहे. बाजारात मिळणारे स्प्रिंगचे हँडग्रिप घेऊन टीव्हीसमोर शंभर वेळा दाबणाऱ्या आजोबांना हा फरक कोणी तरी सांगायला हवा.

आणि मूळ प्रश्न उरतोच. मुठीच्या व्यायामाने हृदयविकाराचे झटके किंवा मृत्यू कमी होतात, असे दाखवणारी एकही मोठी चाचणी नाही. दुबळी पकड धोक्याची खूण आहे. फक्त ती खूण पुसण्याने धोका जात नाही. क्षीण वृद्धांत व्यायामाचे खरे काम मांड्या, नितंब, पाठ यांतल्या मोठ्या स्नायूंत आहे. ते दाखवणारा सर्वांत धीटपणाचा प्रयोग १९९४ सालचा, बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमातला. मारिया फियातारोने यांनी सरासरी ८७ वर्षे वयाच्या १०० जर्जर वृद्धांवर तो केला. पायांच्या स्नायूंना दहा आठवडे जड वजनाचा व्यायाम दिल्यावर त्यांची ताकद दुपटीहून अधिक वाढली, चालण्याचा वेग सुधारला आणि जिने चढणे सोपे झाले. नुसते पौष्टिक पेय देऊन, व्यायामाशिवाय, तसा फरक पडला नाही. नव्वदीच्या उंबरठ्यावरचा स्नायूही हाकेला ओ देतो, हे त्या प्रयोगाने कायमचे सिद्ध केले.

हृदयविकाराच्या क्षीण रुग्णांसाठी २०२१ साली प्रसिद्ध झालेली ‘रिहॅब-एचएफ’ चाचणी सर्वांत जवळची. हृदय निकामी झाल्याने रुग्णालयात दाखल झालेले ३४९ वृद्ध तिच्यात होते, जवळजवळ सगळे क्षीण किंवा त्या वाटेवरचे. त्यांना ताकद, तोल, चालणे आणि दम यांचा एकत्रित व्यायाम दिला गेला. तीन महिन्यांनी शारीरिक क्षमतेच्या १२ गुणांच्या चाचणीत व्यायामगटाला ८.३ आणि दुसऱ्या गटाला ६.९ गुण मिळाले. हा फरक लहान नाही. स्वतःहून न्हाणीघरात जाता येणे आणि कुणाला तरी हाक मारावी लागणे यांत तो दिसतो. रुग्णालयात पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण मात्र सहा महिन्यांत लक्षणीय बदलले नाही. अमेरिकेतील ‘लाइफ’ अभ्यासातही ७० ते ८९ वयाच्या १६३५ जणांत नियमित व्यायामाने चालण्यातील असमर्थता कमी झाली, हृदयविकाराच्या घटना नाहीत. क्षीण वृद्धाला व्यायामाने मिळते ते प्रामुख्याने स्वावलंबन, आणि हे फळ कमी मोलाचे मानण्याचे कारण नाही.

म्हणून मुठीच्या व्यायामाला ठरावीक जागा द्यावी. जिचे गुडघे इतके दुखतात की उभे राहवत नाही, जो शस्त्रक्रियेनंतर अंथरुणावर आहे, किंवा ज्याला चालण्याची अजून भीती वाटते, अशांसाठी तो उत्तम सुरुवात आहे. एखाद्या आजींचा पूर्ण जोर १४ किलो असेल तर त्याचे ३० टक्के सुमारे सव्वाचार किलो होतात. इतका जोर दोन मिनिटे धरताना हात थकतो, पण बोलता येते. बोलणे तुटू लागले तर जोर जास्त होतो आहे. पुढे त्याच्या जोडीला खुर्चीवरून उठणे-बसणे, टाचा उचलून चवड्यांवर उभे राहणे, भिंतीला हात टेकून दंड आणि थोडे चालणे यायलाच हवे. सुरतेत एप्रिल-मेमध्ये हे सकाळी लवकर किंवा पंख्याखाली करावे. रक्तदाब आणि सूज उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उन्हाळ्यात पाणी किती प्यावे हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

श्वास रोखणे ही यातली सर्वांत मोठी चूक. जोर लावताना श्वास कोंडला की दाब एकदम उसळतो. मूठ आवळताना मोठ्याने अंक मोजायला लावले तर श्वास आपोआप चालू राहतो. ज्यांचा दाब १८०/११० च्या वर आहे, ज्यांना नुकताच झटका आला आहे, महाधमनीची झडप फार अरुंद झाली आहे, महाधमनी फुगली आहे किंवा मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यावर नव्या नाजूक वाहिन्या आल्या आहेत, त्यांनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय हा व्यायाम करू नये. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे थांबावे. क्षीण माणसात उलट धोकाही असतो. गोळ्या आणि व्यायाम मिळून दाब फार उतरला तर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन तो पडतो, आणि मोडलेले खुब्याचे हाड त्याला अंथरुणाला खिळवते. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा दाब २० अंकांनी उतरत असेल तर आधी गोळ्यांचा विचार व्हावा.

व्यायामाने स्नायू वाढायचा तर त्याला माल लागतो. खानदेशी स्वयंपाकात तो आहे. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, वरण, शेंगदाणे, दही-ताक, चालत असेल तर अंडी आणि मासे. दात गेलेल्या आणि भूक मंदावलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या ताटात मात्र बऱ्याचदा मऊ भात आणि चहा-बिस्कीट एवढेच उरते. मूत्रपिंडाचा आजार नसेल तर दर जेवणात डाळ किंवा दुधाचा पदार्थ असणे व्यायामाइतकेच गरजेचे आहे.

मोजणी कुठे व्हावी, याचे उत्तर सोपे आहे. सुरत महापालिकेची शहरी आरोग्य केंद्रे वस्तीतच आहेत. तिथे रक्तदाब आणि साखर तपासायला आलेल्या साठीपुढच्या माणसाची पकड आणि खुर्चीची चाचणी त्याच फेरीत करता येते. एक डायनॅमोमीटर वर्षानुवर्षे चालतो. वृद्धांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे आणि फिजिओथेरपी त्याच्या कल्पनेचाच भाग आहे. उणीव आहे ती माप घेऊन पुढचे पाऊल टाकणाऱ्या माणसाची. दुबळी पकड सापडली तर हृदयाची, साखरेची, रक्तातील हिमोग्लोबिनची तपासणी व्हावी आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवणी व्हावी. शिकवताना घरातली सून किंवा नातू बरोबर असावा आणि सूचना रुग्णाच्या भाषेत, अहिराणीतही, सांगितल्या जाव्यात. तीन महिन्यांनी पुन्हा मोजताना केवळ मुठीच्या आकड्याकडे पाहू नये, कारण सर्वांगाच्या व्यायामाने तो थोडाच वाढतो. खुर्चीवरून पाच वेळा उठायला आधी १८ सेकंद लागत होते आणि आता १३ लागतात, बसलेला आणि उभा असतानाचा रक्तदाब स्थिर आहे, मधल्या काळात पडणे झाले नाही: प्रगतीची नोंद या खुणांवर ठेवावी, आणि व्यायामाचा जोर नव्या मापाच्या हिशेबाने पुन्हा ठरवावा.